आपण आणि अपन

आषाढ लागला की आमच्या तलावावरच्या नावा पालथ्या होतात. काठावरच्या चिंचेखाली त्या ओळीनं पडलेल्या असतात, पोटाला नवं डांबर फासलेल्या. बकऱ्या त्यांच्यावर चढून उभ्या राहतात, कुणीतरी पाय सोडून बिडी ओढत बसलेला असतो, आणि शेजारी मासेमारी खात्याचा तो फलक: बंद ऋतु. माशांच्या विणीचे दिवस, जाळं टाकायला मनाई. फलक वर्षानुवर्षं तोच आहे, गंज तेवढा नवा. ‘बडा तालाब’ म्हणायचं बरं का याला. ‘मोठं तळं’ म्हणालात तर ऑटोवाला तुम्हाला भलतीकडेच नेऊन सोडेल.

परवा दळण घेऊन स्कूटरवरून येताना नावा पालथ्या दिसल्या. घरी येऊन डबा ओट्यावर ठेवला आणि सवयीनं बोलून गेलो, “नीला, नावा पालथ्या झाल्या.” पूर्वी एवढं ऐकलं की ही बाई हातातलं टाकून चपला शोधायला लागायची. परवा ती भेंडी चिरत होती. “हं,” म्हणाली, आणि पुढची भेंडी घेतली.

नीला माझी बायको. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, पण तिचा खरा विषय समुद्र. आता समुद्र आणि भोपाळ! माझं सगळं आयुष्य या गावात गेलं, आईवडील ग्वाल्हेरचे, नोकरी इथल्याच कारखान्यात नकाशे काढायची. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो माझ्या लग्नात, आणि तोही मांडवातून. शेजारचे सक्सेनाजी तिला हमखास छेडायचे, “भाभीजी, इधर तो समुंदर है नहीं, आप रिसर्च करती किस पर हो?” नीला शांतपणे सांगायची, “लोगों पर.” त्यावर सक्सेनाजी हसायचे. पण ती थट्टा करत नसायची. तिचं म्हणणं असं की माशांचा प्रश्न माशांचा नसतोच मुळी. मासा बिचारा आपलं काम चोख करतो. प्रश्न असतो जाळं टाकणाऱ्याच्या मनातल्या एका शंकेचा. मी थांबलो आणि शेजारचा नाही थांबला, तर? किनारा असो की आमचा तलाव, शंका तीच. या एका शंकेपायी दर्याचे दर्या रिकामे झाले, असं ती म्हणायची, आणि तेवढ्यापुरता तिचा आवाज बदलायचा.

शाळकरी वयात वेंगुर्ल्याला असताना तिनं हे बघितलं होतं. तिचे वडील, अण्णा, तिथं पोस्टात होते. पावसाळ्यात समुद्रावर जायचं नाही, मासळी मागायची नाही, हे त्यांनीच तिला शिकवलेलं. का, तर दर्या बाळंतीण असतो. बाळंतिणीच्या खोलीत बाहेरच्यानं शिरू नये. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की मग होड्या बाहेर. पुढे पुढे मोठ्या यंत्रांच्या होड्या आल्या आणि पौर्णिमेची वाट बघणं मागे पडलं. ती बघून इतरांनीही सोडलं. जे दर्याला हात जोडत होते तेच पौर्णिमेआधी समुद्रावर का गेले, हा प्रश्न घेऊन ही मुलगी अर्थशास्त्राकडे वळली, आणि लग्न करून आली कुठं, तर भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादला! तिच्या कपाळी मी होतो, दुसरं काय.

तिचा एक खेळ होता चिंचोक्यांचा. एका वाडग्यात चिंचोके घालायचे, वर फडकं टाकायचं. एकेकानं हात घालून हवे तेवढे घ्यायचे, कुणी किती घेतले ते बोलायचं नाही. फेरी संपली की उरलेल्याइतकेच चिंचोके नीला पुन्हा आत टाकणार. सगळ्यांनी थोडे थोडे घेतले तर वाडगा कधीच रिकामा होत नाही. कोलार रोडला माझ्या भावाकडे सत्यनारायण होता, तेव्हा प्रसादानंतर तिनं हा खेळ मांडला. पहिल्याच फेरीत वाडगा कोरडा! आमच्या वहिनीनं मूठच्या मूठ भरून घेतली होती. “अगं, मला वाटलं बाकीचे घेतीलच, मग आपण का मागे राहायचं?” हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. नीलासुद्धा हसली. घरी परतताना मात्र म्हणाली, “ऐकलंस ना? बाकीचे घेतीलच. एवढ्या एका वाक्यात सगळं आलं.”

मग तो पावसाळा आला, ज्याच्याबद्दल हे सगळं लिहितोय.

तलावाच्या एका अंगाला एक नाला उतरतो. पाऊस पडला की नाल्याला नवं पाणी येतं, आणि अंडी पोटात घेतलेले रोहू त्या पाण्याकडे धाव घेतात. त्या तोंडावर जाळं लावलं की झालं. बंद ऋतु असो नाहीतर काही, तिथं दर वर्षी जाळी लागत, फलकासमोर. नीलाची तिथं शकुनबाईशी ओळख झाली होती. शकुन मासे विकायची, नवरा हरिराम नाव चालवायचा. गोरीपान, तोंडाळ, कुणालाही न जुमानणारी बाई. नीलाला ‘दीदी’ म्हणायची आणि मला भाईसाहब. मी मासे खात नाही हे कळल्यावर तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मला काही जन्मजात दुखणंच आहे.

शकुननं माणसं गोळा केली. चिंचेखाली, पालथ्या नावांवर सगळे बसले आणि नीलानं वाडगा मांडला. मी छत्री धरायला. पहिल्या फेरीत वाडगा रिकामा, आमच्या वहिनीसारखाच. मग काय, भांडणं! तूच घेतलेस, तुझा बापही असाच होता, इथपर्यंत मजल गेली. दुसऱ्यांदा मांडला, तिसऱ्यांदा मांडला. हळूहळू हात आखडायला लागले. शेवटी वाडग्यात चिंचोके मावेनात तेव्हा म्हातारीकोतारीसुद्धा वाकून बघायला लागली. नीलानं तो क्षण बरोबर पकडला. तिचं हिंदी मराठीच्या चालीचं. ती उभी राहून म्हणाली, “तो अपन इस कोने में जाल नहीं डालेंगे. मंज़ूर?”

“अपन तो नहीं डालेंगे!” एकेक जण म्हणत गेला. हरिराम म्हणाला, त्याचे भाऊ म्हणाले, पलीकडच्या मोहल्ल्यातले म्हणाले.

घरी येताना नीला आनंदानं नुसती उतू जात होती. “सगळे ‘आपण’ म्हणाले रे! मी नाही, आम्ही नाही. आपण!”

आता इथं गोम आहे. मराठीत ‘आपण’ म्हणजे तुम्ही-आम्ही मिळून. ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा वगळला, ‘आपण’ म्हटलं की आत घेतला. किनाऱ्यावरच्या मुलीला हे सांगावं लागत नाही. पण भोपाळचा ‘अपन’ निराळा. दिसायला तोच, पण एकट्यानं हिंडणारा. ‘अपन चले’ म्हणजे मी निघालो. ‘अपन ने तो खा लिया’ म्हणजे माझं जेवण झालं, तुझं तू बघ. आम्ही इथली मराठी पोरं घरात ‘आपण’ आणि गल्लीत ‘अपन’ बोलत वाढलो. दोन्हींतला फरक जिभेला कळायचा, डोक्याला कळायची गरज पडली नाही. मी तिला म्हणालो, “बाईसाहेब, ते ‘आपण’ नाही म्हणाले. ‘अपन तो’ म्हणाले. मी तरी टाकणार नाही, बाकीच्यांचं बाकीचे जाणोत.” ती फणकारली. “तुला ना, शब्दांचा कीस पाडायची खोड आहे. भोपाळी तो भोपाळीच.” तिला भोपाळी बोलीची फार चीड. लग्नापासून मी तिला चिडवत आलोय, एकदा तरी अस्सल भोपाळी बोलून दाखव, आणि लग्नापासून ती नाक मुरडत आलीय.

आणि गंमत बघा, कोपरा राहिला! खरंच राहिला. एके दिवशी शकुननं आम्हाला बघायला बोलावलं. नाला गढूळ होऊन धावत होता, आणि तोंडापाशी घोट्याएवढ्या पाण्यात रोहूंच्या काळ्या पाठी उघड्या दिसत होत्या. एकमेकींना ढुसण्या देत, गवतात घुसत, पुन्हा मागे फिरत. पाणी फडफडत होतं. मला मासळीच्या वासानं मळमळतं, पण त्या दिवशी कुठला वास आणि कुठलं काय, मी गुडघ्यापर्यंत चिखलात उभा होतो. हरिराम हात पाठीमागे बांधून बघत होता. “हाथ खुजाते हैं, भाईसाहब,” म्हणाला आणि लाजून हसला. नीलाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. तिला इतकं सुखी मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यानंतरही नाही.

त्याच पावसाळ्यात अण्णा आमच्याकडे राहायला आले होते. नीलाची आई उन्हाळ्यात गेली आणि वेंगुर्ल्याच्या घराला कुलूप लागलं. अण्णा आमच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसत. “वारा खोटा आहे गो इथला,” एवढंच म्हणत. जेवण सुटलं होतं. भाताचे चार घास चिवडायचे आणि ताट सरकवायचं. नीलानं काय काय केलं नसेल! सोलकढी केली, आंबोळ्या केल्या, वेंगुर्ल्याहून तिरफळं मागवली. साकेत नगरच्या मोठ्या इस्पितळात नेलं, तर तिथला तरुण डॉक्टर तपासून म्हणाला, “बीमारी कुछ नहीं है. जो पसंद हो, वही खिलाइए, बस खिलाइए.” जे पसंत ते म्हणजे मासळी, आणि दिवस बंद ऋतुचे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ऑटोतून परत निघालो. अण्णांनी वरची दांडी धरली होती आणि हातातलं घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत घसरत होतं.

आणि मग एका सकाळी अण्णा आपणहून छत्री घेऊन बाहेर पडले. आम्ही घाबरून शोधायला निघणार, तोच दारात हजर. चेहरा उजळलेला, हातात काळी पिशवी. “नीले, गाभोळी मिळाली गो!” मासळीच्या पोटातली अंड्यांची ती पिशवी, कोकणातल्या माणसाचा जीव की प्राण. रोहू चांगला हातभर होता, पोट टच्च फुगलेलं. अण्णा खूप दिवसांनी घडाघडा बोलत होते. “विकणारा म्हणाला, एकदम ताजा. कोन्यातला आहे म्हणे, तिथं सध्या कोणी जाळं टाकत नाही ना, म्हणून माल भरलेला.”

नीलानं पिशवी हातात घेतली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. ‘तिथं कोणी जाळं टाकत नाही म्हणून.’ ज्या गोष्टीसाठी तिनं पावसात उभं राहून घसा फोडला, तीच गोष्ट कुणीतरी मालाची तारीफ म्हणून सांगितली होती. कोण गेला असेल कोपऱ्यावर? कुणीतरी. एखादा, ज्याला वाटलं असेल की बाकीचे जातीलच.

मला वाटलं, ती पिशवी परत देईल, नाहीतर अण्णांना काहीबाही सांगेल. तिनं विळी ओढली. मासा साफ केला. गाभोळी अलगद काढली, हळद-मीठ लावलं, तिखट लावलं, तांदळाच्या पिठात घोळवली आणि तव्यावर सोडली. सगळा वेळ आमच्याकडे पाठ. अण्णांनी जेवायला सुरुवात केली आणि जेवतच राहिले. भात पुन्हा मागून घेतला. मग एकाएकी घास हातात तसाच धरून थांबले. आपलंच शिकवलेलं आठवलं असावं.

“पाप केलं का गो आपण?”

“नाही, अण्णा,” नीला म्हणाली. “जेवा तुम्ही.”

त्यांचा ‘आपण’ अगदी खरा होता, वेंगुर्ल्याचा. त्यात ती आली, मी आलो, आणि माशाच्या पोटातून काढलेलं ते सगळं आलं. मला तेव्हा कुठं तरी पळून जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती कोपऱ्यावर गेली. मीही गेलो. तिथं आधीच आरडाओरडा चालला होता. कुणीतरी रात्रीचं जाळं लावल्याच्या खुणा होत्या. किसने डाला, किसने डाला. शकुन कंबरेला पदर खोचून एकेकाचा उद्धार करत होती. नीला तिच्यासमोर जाऊन म्हणाली, “शकुन, वो मछली मेरे घर में पकी है.” सगळे तिच्याकडे वळले. तिनं अण्णांचं सगळं सांगितलं, काही न लपवता. मला वाटलं, आता ही बाई हिला फाडून खाणार.

शकुननं तिचा हात धरला. “बाप ने खाया ना, दीदी? पेट भर के?” नीलानं मान हलवली. “तो बस. आप क्या करतीं? बूढ़ा आदमी है. हमारे घर में भी ससुर बैठे हैं.” मागून कुणी म्हणालं, माझी सून बाळंत झालीय. कुणी म्हणालं, आमच्याकडे पाहुणे आलेत. सगळे मऊ आवाजात बोलत होते. कुणी कुणाला दोष दिला नाही. इतकी समजूतदार माणसं मी कारखान्याच्या एकाही बैठकीत पाहिली नाहीत.

आणि त्या समजूतदारपणानं कोपरा संपला. सासरे होतेच, बाळंतिणी होत्याच. हरिराम सगळ्यांत शेवटी गेला, पण गेला. पुढल्या खेपेला आम्ही पाहिलं तेव्हा नाल्याच्या तोंडावर जाळ्यांमागे जाळी होती, पाणी नुसतं गढूळ वाहत होतं आणि गवत तुडवलेलं होतं. पाठी दिसल्या नाहीत. शकुननं आम्हाला पाहून हात केला, हसली, आणि माझ्यासाठी नाही पण अण्णांसाठी, तिच्या बाबूजींसाठी म्हणून एक पुडकं देऊ लागली. नीलानं ते घेतलं. नाही म्हणायला तिला तोंड कुठं होतं?

तलाव भरला आणि भदभदा धरणाचे दरवाजे त्या वर्षीही उघडले. सगळं भोपाळ मक्याची कणसं खात पाणी बघायला लोटलं. आम्ही अण्णांना घेऊन गेलो होतो. ते कठड्याला धरून उभे होते, पाण्याचा आवाज ऐकत. चेहरा भरला होता. त्या गाभोळीनं त्यांना दिवाळीपर्यंत नेलं, असं मी मानतो. नीला मानत नाही. दिवाळीनंतर थंडीत अण्णा गेले.

एकदा चहा पिताना ती म्हणाली होती, आणि ते माझ्या डोक्यातून जात नाही. “वाईट माणसांचा बंदोबस्त करता येतो रे. दंड करता येतो, पहारा बसवता येतो. पण इथं वाईट होतं कोण? प्रत्येकाच्या घरी एक अण्णा असतो. आणि प्रत्येकाचा अण्णा जेवलाच पाहिजे.” मी म्हणालो, “मग उपाय काय?” एरवी अशा प्रश्नावर ती तासभर बोलते. तिनं कप उचलला आणि विसळायला गेली.

त्यानंतरच्या पावसाळ्यांत नाल्याला पाणी आलं, रोहू आले नाहीत. आले असतील तर मला दिसले नाहीत. चिंचोक्यांचा वाडगा आता किल्ल्या ठेवायला वापरतो आम्ही. ती कॉलेजात शिकवते, पेपर तपासते, किनाऱ्यावरच्या कुणी अभ्यासाला बोलावलं तर प्रकृतीचं कारण सांगते. प्रकृती ठणठणीत आहे तिची. सरळच सांगतो, मला तिची काळजी वाटते. समुद्र जाईल, तलाव जाईल, ते मी बघायला असेन-नसेन. पण रोज सकाळी माझ्यासमोर जी बसते, ती कुठं गेली?

काल दुपारी शकुनचा फोन आला. नीलाचे हात कणकेत होते, म्हणून मी फोन तिच्यासमोर धरला आणि आवाज मोठा केला. पलीकडे कोंबड्या, पोरं, पाऊस, सगळं ऐकू येत होतं.

“दीदी, नाले में नया पानी आया है. आज सवेरे दो-चार रोहू दिखे. कसम से. अभी किसी ने जाल नहीं डाला. आप आ जाओ. वो कटोरे वाला खेल फिर से खिलाओ. अपन सब बैठेंगे, दीदी. अपन सब.”

अपन सब! मी नीलाकडे बघितलं. तिनंही ते ऐकलं होतं. कणकेतले हात थांबले होते. ज्या दोन अक्षरांची तेव्हा उणीव होती, ती या बाईनं आपल्या तोंडानं भरली होती. मी मनात म्हणालो, हो म्हण. चपला मी काढून ठेवतो, छत्री धरतो, किल्ल्या त्या वाडग्यातून काढतो. तू फक्त हो म्हण.

“देखते हैं, शकुन,” नीला म्हणाली. “अभी काम में हूँ.”

मी फोन बंद केला. तिनं कणीक पुन्हा मळायला घेतली. मी म्हणालो, “अगं, रोहू आलेत म्हणते ती. आत्ता गेलो तर वेळ आहे. उद्यापर्यंत कुणीतरी जाळं टाकेलच.”

“टाकू दे,” ती म्हणाली. आणि मग खांदे उडवून, मान किंचित वाकडी करून, आमच्या गल्लीतल्या कुठल्याही माणसासारखं, “अपन को क्या.”

एकदा तरी अस्सल भोपाळी बोल, म्हणून किती वर्षं तिच्या मागे लागलो होतो मी. बोलली.